समक्षतेची भाकर : प्राचीन इस्राएलच्या अर्पणविधीतील अन्नाचा अर्थ

प्राचीन इस्राएलच्या धर्मविधींचा विचार करू लागताच वाचकाच्या मनासमोर प्रथम उभी राहते ती दगडी वेदी, तिच्यावर जळणारा पशू आणि आकाशात चढणारा धूर. हे चित्र खोटे नसले तरी अपुरे आहे. रोज सकाळ-संध्याकाळ होणाऱ्या होमबलीबरोबर त्याच वेदीवर तेलात मळलेले पीठही अर्पण केले जात असे. आणि मंदिराच्या आतील दालनात, जेथे सामान्य उपासकाला प्रवेश नव्हता, सोन्याने मढवलेल्या मेजावर बारा भाकरी आठवडाभर मांडून ठेवलेल्या असत. बैल किंवा मेंढा अर्पण करणे ही सर्वांच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती. पीठ मात्र बहुतेक प्रत्येक घरात असे. म्हणूनच या लोकांनी आपले परमेश्वराशी असलेले नाते कसे जाणले होते, हे समजून घ्यावयाचे असेल, तर भाकरीच्या विधींकडे लक्ष देणे अगत्याचे ठरते. या विधींचा शोध घेताना एक साधा प्रश्न सतत जवळ बाळगावा लागतो : देवापुढे ठेवलेली भाकर अखेर खातो कोण?

धान्य, दगड आणि भट्टी

हिब्रू भाषेत भाकरीला ‘लेहेम’ म्हणतात. या शब्दाचा दुसरा अर्थ सर्वसाधारण ‘अन्न’ असाही होतो. याच धातूपासून आलेल्या अरबी ‘लह्म’ या शब्दाचा अर्थ मात्र ‘मांस’ असा आहे. ज्या समाजाचे मुख्य अन्न जे, त्याला त्या समाजाने हे नाव दिले असावे, असे यावरून अनुमान करता येते. येरुशलेमच्या दक्षिणेस असलेल्या बेथलेहेम या गावाच्या नावाचा अर्थ सामान्यतः ‘भाकरीचे घर’ असा सांगितला जातो.

ही भाकर सहजासहजी मिळत नसे. गेझेर येथील उत्खननात १९०८ साली चुनखडीचा एक लहानसा फलक सापडला. तो इ. स. पू. दहाव्या शतकातील मानला जातो. वर्षातील महिन्यांची त्यावर दिलेली नोंद म्हणजे शेतीच्या कामांची यादीच आहे : पेरणी, उशिराची पेरणी, जवसाची कापणी, सातूची कापणी, त्यानंतरची कापणी व मोजणी, द्राक्षवेलींची छाटणी आणि उन्हाळी फळे. काळाची गणनाच कष्टाच्या क्रमाने होत होती. सातू प्रथम पिके, गहू काही आठवड्यांनी. सातूची भाकर गरिबाची समजली जाई. गव्हाच्या पिठाला मान अधिक.

घरात आणलेले धान्य दळण्याचे काम बहुधा स्त्रियांकडे असे. हाताने गोल फिरवावयाचे जाते तेव्हा नव्हते. खाली एक लांबट, बसका दगड ठेवून त्यावर दुसरा दगड दोन्ही हातांनी मागेपुढे रगडावा लागे. एका कुटुंबाला पुरेल इतके पीठ काढण्यास दररोज काही तास लागत. त्यानंतर पीठ मळून ते मातीच्या उभ्या, पोकळ भट्टीच्या आतील भिंतीला थापून भाजले जाई. या भट्टीचे हिब्रू नाव ‘तन्नूर’. आपल्याकडचा ‘तंदूर’ हा शब्द याच शब्दकुळातील आहे.

दळण्याच्या दगडाचे महत्त्व किती होते, हे एका कायद्यावरून स्पष्ट होते. कर्जदाराचे जाते किंवा त्याची वरची तळी गहाण म्हणून घेऊ नये, असे अनुवाद या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात बजावले आहे. कारण तसे करणे म्हणजे त्या माणसाचा जीवच गहाण ठेवून घेणे होय. दुष्काळाच्या वर्णनातही हीच दृष्टी दिसते. दहा घरच्या बायका एकाच भट्टीत भाकरी भाजतील आणि त्या तोलून वाटतील, अशी भयसूचना लेवीय ग्रंथात आढळते. बाबिलोनी सैन्याने येरुशलेमला वेढा घातला असता, नगराच्या पतनापूर्वीच्या दिवसांत, यिर्मया हा संदेष्टा पहाऱ्यात होता. भटारी लोकांच्या आळीतून त्याला रोज एक भाकर देण्याची राजाज्ञा होती, आणि नगरातील सर्व भाकर संपेपर्यंत ती पाळली गेली, असे त्याच्या ग्रंथात नमूद आहे.

अशा समाजात पीठ किंवा भाकर अर्पण करणे म्हणजे हाताशी असलेली एखादी किरकोळ वस्तू देणे नव्हते. कोकरू निसर्गतः जन्मास येते. भाकर मात्र नांगरट, पेरणी, कापणी, मळणी, दळण आणि भाजणी यांतून गेल्यावाचून होत नाही. जमीन आणि पाऊस यांच्या देणगीत माणसाचे श्रम पूर्णपणे मिसळलेले असतात. अर्पणविधीत भाकरीला मिळालेल्या अर्थाचे मूळ येथे आहे.

मूठभर सपीठ

लेवीय ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात अन्नार्पणाचे नियम आले आहेत. त्याला हिब्रूत ‘मिन्हा’ असे नाव आहे. हा शब्द मुळात केवळ धार्मिक नाही. रागावलेल्या भावाची मर्जी संपादन करण्यासाठी पाठवलेली भेट, तसेच मांडलिकाने अधिपतीला दिलेली खंडणी, या दोन्ही अर्थांनी तो वापरला गेला आहे. याकोबाने एसावाला पाठवलेले कळप म्हणजे ‘मिन्हा’ आणि मवाबाच्या राजाला इस्राएलने दिलेला करभारही ‘मिन्हा’च. अन्नार्पणात म्हणूनच दोन भाव एकत्र येतात : स्नेहाची भेट आणि स्वामित्वाची कबुली. भूमी आपली नाही, ती दुसऱ्या कोणाची तरी आहे, हे उपासक त्या मूठभर पिठाने मान्य करीत असे.

अर्पणाचे प्रकार घरगुती स्वयंपाकाशी मिळतेजुळते होते. कच्चे सपीठ तेल आणि ऊद घालून आणता येई. भट्टीत भाजलेल्या पोळ्या किंवा पातळ चपात्या चालत. तव्यावर भाजलेले अथवा कढईत शिजवलेले पीठही चालत असे. यांपैकी कोणताही प्रकार आणला तरी पुढचा क्रम एकच होता. याजक त्यातून मूठभर भाग व सगळा ऊद घेई आणि वेदीवर जाळी. या मुठीला ‘स्मारकभाग’ म्हणत. उरलेले सर्व अन्न याजकांचे होई आणि त्यांनी ते पवित्र आवारातच खावे, असा दंडक होता. याजकाने स्वतःसाठी अन्नार्पण आणले तर मात्र ते संपूर्ण जाळावे लागे. आपण दिलेले दान आपणच खाल्ले तर ते दान उरत नाही, हे त्यामागील तत्त्व उघड आहे.

या विधीचे वेगळेपण शेजारच्या संस्कृतींशी तुलना केली असता नीट ध्यानात येते. मेसोपोटेमियाच्या मोठ्या मंदिरांत देवमूर्तीपुढे दररोज ताटे वाढली जात. भाकरी, मद्य, मांस आणि फळे यांचे प्रमाण ठरलेले असे. देवाचे पोषण करणे हे माणसाचे कर्तव्यच आहे, किंबहुना त्यासाठीच माणसाची निर्मिती झाली, असे तेथील कथा सांगत. इस्राएलच्या परंपरेतही जुन्या भाषेचे अवशेष शिल्लक आहेत. अर्पणांना देवाची भाकर म्हणण्याचा प्रघात लेवीय ग्रंथातच आढळतो. परंतु दुसऱ्या बाजूस, परमेश्वराला भूक लागत नाही आणि लागलीच तर तो माणसाकडे मागण्यास येणार नाही, असा आशय पन्नासाव्या स्तोत्रात ठामपणे मांडला आहे. शब्द जुने राहिले आणि कल्पना बदलत गेली. वेदीवर जाते ती मूठ. पोटात जाते ते उरलेले पीठ, आणि ते पोट माणसाचे असते.

गरिबाच्या संदर्भात हा विधी विशेष महत्त्वाचा होता. काही दोषांच्या प्रायश्चित्तासाठी मेंढी किंवा शेळी अर्पण करावी लागे. ते शक्य नसेल तर दोन पारवे किंवा कबुतराची दोन पिले चालत. तीही परवडत नसतील तर एफाचा दहावा भाग, म्हणजे सुमारे २ लिटर सपीठ आणावे, आणि त्यात तेल किंवा ऊद घालू नये, अशी सवलत पाचव्या अध्यायात दिली आहे. येथे कायद्याने एक असाधारण गोष्ट मान्य केली. रक्ताशिवाय प्रायश्चित्त नाही, असा सर्वसाधारण संकेत असतानाही निर्धनासाठी पीठ पुरेसे ठरवले गेले.

पुढील काळातील आचार्यांच्या नजरेतून हे सुटले नाही. लेवीय ग्रंथात अन्नार्पणाच्या प्रारंभी अर्पण करणाऱ्या व्यक्तीसाठी ‘नेफेश’ हा शब्द आला आहे; त्याचा अर्थ ‘जीव’ असाही होतो. इतर अर्पणांच्या बाबतीत तो येथल्यासारखा का योजला नाही, असा प्रश्न तालमूदमध्ये उपस्थित केला आहे. रब्बी इसहाक यांच्या नावे दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा : अन्नार्पण आणतो तो बहुधा गरीब; म्हणून त्याने आपला जीवच अर्पण केला, असे देव मानतो. मिद्राश वाङ्मयात एका स्त्रीची कथाही येते. तिने मूठभर पीठ आणले तेव्हा याजकाने तिची हेटाळणी केली : यात खावयाचे काय आणि अर्पावयाचे काय? त्या रात्री त्याला स्वप्नात बजावण्यात आले की तिला तुच्छ लेखू नकोस. तिने जणू स्वतःचा प्राणच अर्पण केला आहे.

अन्नार्पणाचे स्थान स्वतंत्र होते, याचा एक ऐतिहासिक पुरावाही उपलब्ध आहे. ईजिप्तमध्ये नाईल नदीतील एलिफंटाईन बेटावर ज्यू सैनिकांची वसाहत होती आणि तेथे त्यांचे मंदिर होते. इ. स. पू. ४१० मध्ये ते पाडण्यात आले. पुनर्बांधणीची परवानगी मिळावी म्हणून तेथील लोकांनी इ. स. पू. ४०७ मध्ये यहूदाच्या इराणी प्रशासकाला आर्जव केले. त्या पपायरसवरील पत्रात अन्नार्पण, धूप आणि होमबली या तिन्हींचा उल्लेख आहे. उत्तरादाखल मिळालेल्या संमतीत मात्र अन्नार्पण आणि धूप एवढेच आले आहेत. होमबलीचा उल्लेख नाही. येरुशलेमच्या मंदिराचा विशेषाधिकार राखण्यासाठी असे केले असावे, किंवा इराणी अथवा ईजिप्शियन भावनांची बूज राखली गेली असावी, अशी अनुमाने संशोधकांनी केली आहेत. कारण कोणतेही असो, पशुबली वादग्रस्त ठरला तेथेही पिठाचे अर्पण निर्वेध राहिले.

खमीर, मध आणि मीठ

वेदीवर जाणाऱ्या अन्नार्पणात खमीर किंवा मध असता कामा नये, आणि मीठ असलेच पाहिजे, असा नियम आहे. हे तीन पदार्थ एकत्र ठेवून पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ उलगडू लागतो.

त्या काळी खमीर म्हणजे आदल्या दिवशीच्या आंबलेल्या कणकेचा राखून ठेवलेला गोळा. तो ताज्या पिठात मिसळला की सारे पीठ फुगते. आंबणे हे एका अर्थी कुजण्याचेच रूप आहे, आणि जेथे जीवनाच्या दात्याची उपासना होते त्या वेदीला कुजण्याचा स्पर्श होऊ नये, असे या निषेधाचे स्पष्टीकरण अनेक अभ्यासकांनी दिले आहे. मधही आंबू शकतो. हिब्रूत मधासाठी असलेल्या शब्दात खजुरासारख्या फळांच्या गोड रसाचाही समावेश होतो, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही निषेधांतील समानता अधिक स्पष्ट होते. याउलट मीठ टिकवते. त्याला कराराचे मीठ म्हटले आहे. दोन पक्षांनी एकत्र मीठ खाणे हे प्राचीन पश्चिम आशियात न मोडणाऱ्या बंधाचे चिन्ह होते. मीठ खाल्ल्याला जागणे, हा आपल्याकडील वाक्प्रचार ज्यांना परिचित आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि खमीर सर्वस्वी अपवित्र मानले गेले होते, असा समज करून घेणे चुकीचे होईल. वर्षातील ५१ आठवडे लोक खमिराची भाकर खातच असत. वल्हांडणाच्या वेळी मात्र सात दिवस घरात खमीर ठेवावयाचे नाही आणि बेखमीर भाकर खावयाची, असा दंडक होता. या भाकरीला दोन अर्थ चिकटले आहेत. निर्गम ग्रंथात ती घाईची भाकर आहे : ईजिप्तमधून निघताना कणीक फुगण्याइतकाही अवधी मिळाला नाही. अनुवाद ग्रंथात तिला दुःखाची भाकर म्हटले आहे. ती गुलामांचे अन्न आहे. दास्य आणि सुटका या दोन्हींची आठवण एकाच कोरड्या, सपाट भाकरीत साठवलेली आहे. स्वतंत्र झालेल्या माणसाने वर्षातून सात दिवस गुलामाचे अन्न खावे, या नियमाने इतिहास दर वर्षी जिभेवर आणून ठेवला.

बारा भाकरी

समक्षतेची भाकर, हिब्रूत ‘लेहेम हा-पानीम’, हा या सर्व विधींतील सर्वांत गूढ भाग होय. ‘पानीम’ म्हणजे मुख. परमेश्वराच्या मुखासमोर ठेवलेली भाकर, असा या नावाचा शब्दशः अर्थ होतो. तिच्यासाठी असलेले मेज बाभळीच्या लाकडाचे, दोन हात लांब, एक हात रुंद व दीड हात उंच असून ते सोन्याने मढवलेले होते, असे निर्गम ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात वर्णन आहे. त्यावर सहा-सहाच्या दोन रांगांत बारा भाकरी ठेवीत. प्रत्येक भाकरीसाठी एफाचे दोन दशांश, म्हणजे दोन किलोंहून अधिक सपीठ लागे. साहजिकच त्या आकाराने बऱ्याच मोठ्या होत्या. दर शब्बाथ दिवशी नव्या भाकरी मांडल्या जात. त्यांच्याजवळ ठेवलेला ऊद तेवढा वेदीवर जाळीत. काढलेल्या भाकरी याजक पवित्र स्थानी खात असत. त्या भाकरींचा एक कणही अग्नीत जात नसे.

देवापुढे बारा किंवा बाराच्या पटीत भाकरी मांडण्याची प्रथा मेसोपोटेमियातही होती. बाह्य आकार समान असताना अर्थ निराळा झाला तो एका स्पष्टीकरणामुळे. या भाकरी इस्राएल लोकांच्या वतीने ठेवावयाच्या आहेत आणि तो सर्वकाळचा करार आहे, असे लेवीय ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे. बारा ही त्यांच्या वंशांची संख्या. सर्व समाज प्रत्यक्ष मंदिरात उभा राहू शकत नव्हता; त्याच्या जागी त्याच्या कष्टाची बारा रूपे दिव्याच्या उजेडात अखंड उभी असत. निर्वासनातून परतल्यानंतर, नहेम्याच्या काळात, या भाकरीसाठी आणि नित्याच्या अर्पणांसाठी दर वर्षी एक तृतीयांश शेकेल देण्याची जबाबदारी लोकांनी स्वतःवर घेतली. अर्थात मेजावरील भाकरीत प्रत्येकाचा वाटा होता.

मेज क्षणभरही रिकामे राहू नये, याची दक्षता घेतली जाई. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथातील वर्णनानुसार एका बाजूने याजक जुन्या भाकरी ओढून घेत असताना दुसऱ्या बाजूने नव्या भाकरी सरकवल्या जात. सणाच्या वेळी ते मेज उचलून यात्रेकरूंना भाकरी दाखवीत, असेही तालमूदमध्ये म्हटले आहे.

या भाकरी भाजण्याचे कौशल्य गार्मू नावाच्या घराण्याकडे होते आणि ते दुसऱ्यास शिकवण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून मिश्नाने त्यांना दोष दिला आहे. तालमूदमधील कथेप्रमाणे त्यांच्याऐवजी अलेक्झांड्रियाहून कारागीर आणण्यात आले. परंतु त्यांना भाकर भट्टीतून न मोडता काढणे जमेना आणि त्यांच्या भाकरीला बुरशीही येई. अखेर गार्मू घराण्याला दुप्पट वेतन देऊन परत बोलवावे लागले. आपली विद्या एखाद्या अयोग्य माणसाच्या हाती पडून मूर्तिपूजेसाठी वापरली जाईल, अशी भीती त्यांनी कारण म्हणून सांगितली. त्याच कथेत त्यांच्याविषयी एक गौरवाची गोष्टही नोंदवली आहे : त्यांच्या मुलांच्या हाती उंची पिठाची भाकर कधीच दिसली नाही. मंदिराच्या पिठावर त्यांचे घर चालते, असा संशयही कोणास येऊ नये, म्हणून त्यांनी हे व्रत पाळले होते.

भुकेल्याचा प्रसंग

या पवित्र भाकरीची खरी कसोटी नोब येथे लागली. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात हा प्रसंग आला आहे. शौल राजापासून जीव वाचवून पळणारा दावीद नोब येथील अहीमलेख याजकाकडे आला आणि त्याने पाच भाकरी मागितल्या. याजकापाशी साधी भाकर नव्हती. परमेश्वरासमोरून नुकत्याच काढलेल्या भाकरी तेवढ्या होत्या. नियमाप्रमाणे त्या याजकांखेरीज कोणी खाऊ शकत नव्हते. दाविदाची माणसे विधिदृष्ट्या शुद्ध आहेत ना, एवढे विचारून अहीमलेखाने त्या भाकरी देऊन टाकल्या.

या देण्याची किंमत भयंकर होती. राजाच्या एका सेवकाने हे पाहिले आणि जाऊन सांगितले. शौलाच्या आज्ञेने ८५ याजक मारले गेले आणि नोब गावातील स्त्रिया, मुले व जनावरे यांचाही संहार झाला. देवापुढची भाकर भुकेल्या माणसाला देणे राजाच्या दृष्टीने द्रोह ठरले. परंपरेने मात्र याजकाला दोषी ठरवलेले नाही. पुढे ज्यू धर्मशास्त्रात जीव वाचवण्यासाठी इतर जवळजवळ सर्व निर्बंध बाजूस ठेवता येतात, हे तत्त्व दृढ झाले. मार्काच्या शुभवर्तमानात येशूनेही शब्बाथाविषयीच्या वादात नोबच्या भाकरींचाच दाखला दिला आहे.

भाकरीचे अर्पण नेहमी एकाच दिशेने जात होते, असे मात्र नाही. घरांतून चालणारे विधी मंदिराच्या नियमांत बसत नसत. मुले लाकडे गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात आणि स्त्रिया कणीक मळून ‘स्वर्गाच्या राणी’साठी पोळ्या करतात, अशी तक्रार यिर्मयाने केली आहे. येरुशलेमच्या पाडावानंतर ईजिप्तमध्ये गेलेल्या लोकांना त्याने याबद्दल फटकारले, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तरही ग्रंथकाराने प्रामाणिकपणे नोंदवले आहे. त्यांचे म्हणणे असे की, हे अर्पण चालू होते तोवर अन्नाची ददात नव्हती. ते थांबवले आणि तलवार व दुष्काळ यांनी गाठले. संदेष्टा आणि हे लोक यांच्यात मतभेद होता तो भाकर कोणाच्या कृपेने मिळते याविषयी. ती कोणाच्या तरी कृपेनेच मिळते, याबद्दल दोन्ही पक्षांना संशय नव्हता.

हंगामाच्या दोन भाकरी

सातूच्या कापणीची पहिली पेंढी परमेश्वरासमोर ओवाळली जाईपर्यंत नव्या धान्याची भाकर खाण्यास मनाई होती. त्या दिवसापासून सात आठवडे मोजून पन्नासाव्या दिवशी सप्ताहांचा सण येई. त्या वेळी नव्या गव्हाच्या दोन भाकरी आणीत. आणि त्या खमीर घालून भाजलेल्या असाव्यात, असा स्पष्ट आदेश होता. त्या वेदीवर जात नसत. ओवाळून याजकांना दिल्या जात. उपकारस्तुतीच्या अर्पणातही बेखमीर पोळ्यांच्या जोडीने खमिराच्या भाकरी असत. मिश्नाप्रमाणे त्यांची एकूण संख्या ४० भरे : ३० बेखमीर आणि १० खमिराच्या. हे सारे अन्न त्याच दिवशी संपवावे लागे. एका कुटुंबाला ते शक्य नसल्यामुळे आप्तेष्टांना व शेजाऱ्यांना बोलावणे भागच पडे.

सातूच्या पेंढीपासून गव्हाच्या फुगलेल्या भाकरीपर्यंतचा हा प्रवास वल्हांडणाच्या कोरड्या भाकरीपाशी सुरू होतो. दास्याच्या अन्नापासून आपल्या भूमीतील पिकापर्यंतची वाटचाल लोक पन्नास दिवसांत पुन्हा करीत. या सणाचे नियम संपताच पुढचाच आदेश कापणीविषयी आहे : शेताचे कोपरे पूर्ण कापू नयेत, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरीब आणि परदेशी यांच्यासाठी ठेवावीत. रूथ या ग्रंथातील मवाबी विधवा बेथलेहेमच्या शेतात कणसे वेचते ती याच हक्काने. आणि तिची कथा सप्ताहांच्या सणाला वाचण्याची प्रथा पुढे रूढ झाली. मंदिरात आलेल्या दोन भाकरी आणि शेताच्या कोपऱ्यात उभे राहिलेले पीक, ही एकाच अर्पणाची दोन अंगे होती.

मंदिरानंतर

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने येरुशलेमचे मंदिर नष्ट केले. रोममधील टायटसच्या कमानीवर विजयाच्या मिरवणुकीचे शिल्प आहे. त्यात सात शाखांच्या दीपवृक्षाबरोबर समक्षतेच्या भाकरीचे मेजही सैनिकांनी खांद्यावर घेतलेले दिसते. त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे, रोमनांच्या पाठिंब्याने आलेल्या हेरोदाशी झुंजणाऱ्या मत्तथिया अंतिगोनस या राजाने (इ. स. पू. ४०–३७) आपल्या नाण्याच्या एका बाजूवर हेच मेज व दुसऱ्या बाजूवर दीपवृक्ष कोरवला होता. भाकरीचे मेज हे त्या लोकांच्या दृष्टीने राष्ट्राचे चिन्ह बनले होते.

वेदी गेली, परंतु भाकर राहिली. मंदिर असताना वेदी प्रायश्चित्त करीत असे. आता माणसाचे मेज ते करते, असे तालमूदमध्ये म्हटले आहे. मेजावर पाहुण्याला आणि गरिबाला वाढले जाते, हे त्यामागचे कारण. शब्बाथाच्या जेवणासाठी दोन अखंड भाकरी ठेवतात. अरण्यात सहाव्या दिवशी मिळणाऱ्या दुप्पट मान्न्याची ती आठवण आहे. भाकरीचा तुकडा मिठात बुडवण्याच्या प्रथेत वेदीवरील मीठ टिकून राहिले आहे.

दूर देशांत पोचलेल्या समाजांनी आपापल्या परिसरातील धान्याचा आश्रय घेतला. कोकणात तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्राएल लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. नवस फेडताना आणि विवाहादी मंगलप्रसंगी एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे स्मरण करून ते ‘मलिदा’ करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे असलेले हे ताट प्रार्थनेनंतर सर्वांना वाटले जाते. काही अभ्यासकांनी त्याची तुलना मंदिरातील अन्नार्पणाशी केली आहे. इतिहासाच्या कसोटीवर हा दुवा सिद्ध करणे कठीण आहे. परंतु धान्य, कृतज्ञता आणि वाटून खाणे ही तीन अंगे दोन्हींत समान आहेत, हे निर्विवाद.

सर्वांत लहान विधी स्वयंपाकघरातच शिल्लक राहिला. कणकेचा पहिला वाटा परमेश्वराला द्यावा, असा आदेश गणना ग्रंथात आहे. पूर्वी तो याजकाला मिळत असे. आता तो स्वीकारण्यास मंदिरातील याजक उरला नाही. म्हणून नियम पाळणाऱ्या घरांत भरपूर कणीक मळली की तिचा लहानसा गोळा वेगळा काढतात, आशीर्वचन म्हणतात आणि तो जाळून टाकतात. उरलेल्या कणकेच्या भाकरी होतात, आणि त्या घरातील माणसे व दाराशी आलेले पाहुणे एकत्र बसून खातात.